मीटरवर शून्य

भोपाळ, ३ डिसेंबर १९८४, रात्रीचा सुमारे एक. कल्पना करा, आजचं साहित्य घेऊन तुम्ही युनियन कार्बाइड कारखान्याच्या उत्तरेला उभे आहात. वारा पाठीवर, खांद्यांवर बीए सेट (श्वसन उपकरण), तोंडावर गच्च बसलेला मास्क. समोर ६१० नंबरच्या टाकीतला मिथाइल आयसोसायनेट हा विषारी गॅस उंच पाइपातून बाहेर पडतोय. हा गॅस हवेच्या जवळपास दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरत दक्षिणेकडच्या जयप्रकाश नगरात शिरतोय. कारखान्याचा जाहीर भोंगा थोडा वेळ वाजला नि बंद केला गेला. मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागून लोक घराबाहेर पडतात आणि गॅस चाललाय त्याच दिशेने पळत सुटतात.

तुम्ही छातीवरचं फोर गॅस मीटर बघता. ऑक्सिजन २०.९. स्फोटक वायूच्या खान्यात शून्य. कृपा करून या शून्यावर विसंबू नका. हा गॅस पेट घेतो तो हवेत ५.३ टक्के झाल्यावर, म्हणजे ५३,००० पीपीएमला. मीटर साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाला ओरडतं. माणसाच्या जिवाला मात्र ३ पीपीएमलाच धोका. मधल्या सगळ्या पट्ट्यात ते खुशाल गप्प राहील.

मग पीआयडी (फोटोआयोनायझेशन डिटेक्टर) काढता. त्यातला अतिनील दिवा वायूच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्यातून निर्माण होणारा विद्युतप्रवाह यंत्र मोजतं. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. या रेणूला लागतात १०.६७. एवढ्याशा फरकाने हे महागडं यंत्र या गॅसपुरतं आंधळं! ११.७ चा दिवा हवा. त्याची लिथियम फ्लोराइडची काच दमट हवेत लवकर खराब होते, म्हणून तो सहसा पेटीतच पडून असतो. मागे सुरक्षित जागी जाऊन दिवा बदलता, पुन्हा पुढे येता, तेव्हा आकडा हलतो.

तरी पीआयडी गॅसचं नाव सांगत नाही. नाव माहीत असतं ते टाकीजवळच्या कामगारांना, म्हणून त्यांना आधी गाठायचं. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली आहे आणि विष कोणतं, उपचार काय, हे तिथल्या डॉक्टरांना कुणी धड सांगितलेलं नाही.

तुम्ही वायरलेस उचलता: "गॅस मिथाइल आयसोसायनेट. वारा उत्तरेकडून. लोकांना दक्षिणेला जाऊ देऊ नका, पूर्व-पश्चिमेला वळवा. हमीदियाला नाव कळवा, आत्ताच्या आत्ता."