नितळ पाण्यातला डास

साल 1901. तुम्ही वऱ्हाडात आहात, एलिचपूरच्या छावणीत, आजच्या अचलपुरात. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवून दिलं, त्याला जेमतेम चार वर्षं झालीत. समोर लष्करी डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन भिंगावर वाकलेत. ते बाजूला सरकतात, तुम्ही डोळा लावता. ठिपक्याठिपक्यांच्या पायांचा, कबऱ्या पंखांचा एक डास. ही जात अजून कुणी नोंदलेली नाही. हिवतापावरच काम करणाऱ्या स्टीफन्स या डॉक्टरांचं नाव लिस्टन तिला देतात: ॲनोफिलीस स्टीफेन्सी. तिचा खरा पराक्रम कळायला मात्र तुम्हाला मुंबई गाठावी लागेल.

1908. मुंबई बंदरात हिवतापाची साथ आहे. नव्या अलेक्झांड्रा गोदीचं काम चालू आहे, मजूर तापाने फणफणलेत. लिस्टन आता मुंबईतच आहेत, आणि या साथीसाठी ते बोट ठेवतात ते एलिचपूरच्या त्याच डासावर. पुढे चार्ल्स बेंटली हे डॉक्टर शहर पालथं घालतात. 1911 च्या त्यांच्या अहवालाआधी तुम्ही त्यांच्या मागोमाग फिरून घ्या.

आधी शाळा. पोरं रांगेत उभी. एकेकाचा सदरा वर होतो, डॉक्टरांची बोटं डाव्या बरगडीखाली दाबतात. तुम्हीही हात ठेवा. बोटांना काहीतरी घट्ट, गोलसर लागतं ना? ती पानथरी. धडधाकट पोराची अशी हाताला लागत नाही. आज अंगात ताप नसला तरी पानथरी मागच्या तापांची साक्ष देते. कुठल्या वस्तीत किती पोरांची वाढलीय हे मांडत गेलं की हिवताप कुठे मुरलाय ते उमगतं. या साध्या तपासणीचं मोल मला फार वाटतं: पैसा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, आणि तरी रोगाचा माग लागतो.

तो माग तुम्हाला गटारापाशी नेत नाही. फोर्टातल्या भल्या घरांच्या अंगणात नेतो, विहिरीपाशी. काठाशी वाका. पाणी स्वच्छ, गार, पिण्याजोगं. "जरा मागं सरा, दादा," बरोबरचा मुकादम म्हणतो, "सावली पडली की खाली जातात." तुम्ही मागे होता, तो बादली अलगद बुडवून वर काढतो. आधी नुसतं पाणीच दिसतं. मग नजर बसते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या बारीक अळ्या. गटारातल्या क्युलेक्स डासाच्या अळ्या शेपटीकडच्या नळीने श्वास घेत डोकं खाली करून लोंबकळतात. यांना ती नळीच नाही, म्हणून या सपाट तरंगतात. बोट जवळ नेलंत की झटका देऊन मागच्या मागे सटकतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत यांचे डास होतात आणि रात्री वरच्या खोल्यांत शिरतात.

अळ्या मारायला डबक्यात घासलेट ओतता येतं, पिण्याच्या विहिरीत कसं ओतणार? विहिरी झाका, बुजवा, असं ठरतं आणि घरमालक उसळतात. विहार तलावाचं पाणी 1860 पासून, तानसाचं 1892 पासून नळाने येतंय, मग विहीर हवी कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण काठावरचा तेवता दिवा पाहा. पारश्यांना ते पाणी पवित्र आहे, हिंदूंच्याही पूजेअर्चेला विहिरीचंच पाणी लागतं. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं अन्याय्य आहे. पूजेसाठी बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवायची मुभा पुढे मिळाली, ती मला योग्यच वाटते. जाळीतून डास आतबाहेर करू शकत नाही आणि घरच्या माणसाचं पाण्याशी नातंही तुटत नाही. मालक शत्रू झाला तर झाकण आठवड्याभरात उघडं पडतं. अंगणात रोज पहारा द्यायला कुठली नगरपालिका येणार आहे?

आता एकदम पुढे. विहिरी गेल्या, गच्चीवर टाक्या आल्या. डासानेही बिऱ्हाड वर हलवलं. तेच नितळ, साठवलेलं पाणी. 2012 मध्ये हा डास आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूतीत सापडतो. त्या वर्षी तिथे हिवतापाचे रुग्ण नोंदले गेले अवघे 27. 2020 मध्ये 73,000 च्या वर. आफ्रिकेतला हिवताप प्रामुख्याने खेड्यांचा, पावसाळ्याचा; शहरातल्या साठवलेल्या पाण्यात बारा महिने वाढणाऱ्या डासाशी तिथल्या आरोग्यसेवकांची गाठ पडलेली नव्हती.

2022, इथिओपियातलं दिरे दावा. कोरडा ऋतू आहे, ताप यायचे दिवस नव्हेत, तरी विद्यापीठाच्या वसतिगृहातली मुलं थंडी वाजून आजारी पडतायत. संशोधक आवारातलं साठलेलं पाणी तपासत फिरतायत, आणि तिथे स्टीफेन्सीच्या अळ्या सापडतात. पकडलेल्या मोठ्या डासांच्या अंगात हिवतापाचे जंतूही मिळतात.