‘ग्रेट ईस्टर्न’ची दुहेरी काया

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील उतारूंच्या आगबोटींचीं वर्णनें वाचतांना आमचें लक्ष प्रथम आरसे, गालिचे व झुंबरें यांकडेच जातें. परंतु नौकेचा खरा गुण तिच्या शोभेंत असतो कीं न दिसणाऱ्या बांधणींत, याचा निवाडा ‘ग्रेट ईस्टर्न’च्या चरित्रावरून चांगला होतो.

इझम्बर्ड किंग्डम ब्रुनेल या इंग्रज इंजिनियरानें ही लोखंडी नौका पूर्वेकडील दूरच्या सफरींसाठीं योजिली. वाटेंत कोळसा न भरतां ४,००० उतारू नेतां यावे, म्हणून तिची लांबी ६९२ फूट ठेविली. दोन्ही बाजूंस वल्ह्यांचीं प्रचंड चाकें, मागें मळसूत्री पंखा, आणि शिवाय शिडांसाठीं सहा डोलकाठ्या, असा तिचा थाट होता. १८५८ च्या जानेवारींत ती थेम्स नदींत उतरली.

तिच्या मुख्य दिवाणखान्यांतून धुराडें वर जात असे. त्याची धग उतारूंस लागूं नये व बॉयलरांत जाणारें पाणीहि आधींच तापावें, म्हणून त्याभोंवतीं पाण्याचें वेष्टन बसवून वरून आरसे लाविले होते. १८५९ च्या सप्टेंबरांत चांचणीच्या सफरींत वाफेची तोटी बंद राहिली व तें वेष्टन फुटलें. दिवाणखाना उद्ध्वस्त झाला. प्राणास मुकले ते मात्र खालीं भट्टीशीं राबणारे कामगार. थोड्याच दिवसांत ब्रुनेलहि निवर्तला.

आतां दुसरी बाजू पाहा. १८६२ सालीं न्यूयॉर्कजवळ पाण्याखालील खडकावर घांसून नौकेच्या तळास ८० फुटांहून लांब भेग पडली. परंतु ब्रुनेलनें तिला दुहेरी कवच दिलें होतें. दोहोंमध्यें सुमारें पावणेतीन फुटांचें अंतर होतें. आंतील कवच शाबूत राहिलें, आणि ती आपल्या बळावर बंदरांत पोंचली.

उतारूंचा व्यापार तिला कधींच लाभला नाहीं. १८६० च्या पहिल्या अमेरिका-सफरींत पैसे भरून आलेले उतारू अवघे ३५ च होते. तिला यश आलें तें समुद्रांत तारायंत्राची दोरी टाकण्यांत. १८७० सालीं ती मुंबईस आली तीहि उतारू घेऊन नव्हे, तर एडनपर्यंत अशीच दोरी सोडण्यासाठीं. १८८९ पासून तिला मोडीत काढण्याचें काम सुरू झालें.

आरसे गेले, दुहेरी तळाची युक्ति नौकाबांधणींत टिकली. आमच्या मतें या नौकेचा बोध इतकाच, कीं वरच्या मजल्यावरील सुखसोयींचा हिशेब मांडतांना खालीं भट्टीशीं उभ्या असलेल्या माणसाचा जीव आधीं मोजावा.