फेहरिस्त आणि मेनू

एखाद्या शासकीय संकेतस्थळाचा मेनू काल संध्याकाळपर्यंत नीट दिसत असावा आणि आज सकाळी त्याच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या आढळाव्यात, किंवा तो मुळी उमटूच नये, असे झाले म्हणजे आतले कागदच गहाळ झाले असा पाहणाऱ्याचा पहिला समज होतो. हा समज बहुधा खोटा ठरतो. कागद आपापल्या जागी असतात; त्यांच्यापर्यंत नेणारी यादी ज्या वाचकाला गृहीत धरून रचलेली होती तो वाचक, मग तो मनुष्य असो वा यंत्र, मध्यंतरी बदललेला असतो. बीड जिल्ह्याच्या दफ्तराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हीच घटना निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा घडलेली दिसते, आणि म्हणून संगणकाच्या या अगदी अलीकडच्या दुखण्याचा विचार मला जुन्या दफ्तरखान्यापासूनच सुरू करावासा वाटतो.

हैदराबाद संस्थानाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये तेथे जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची विभागणी, अमलात आणली आणि महसुली कारभाराला एकसूत्री घडी बसवली. पुढे १८८४ च्या सुमारास दरबारी भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली. बीड, आष्टी, गेवराई, किंवा त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे अंबाजोगाई, यांच्या मुलखात गावपातळीवरचे पाटील-कुलकर्णी मोडीत लिहीत, सरकारी सेतवार व इनामांचे मुंतखब उर्दूत असत, आणि कालगणना फसली सनाने चाले. वस्त्रात बांधलेल्या रुमालांतून नेमका कागद काढायचा तर फेहरिस्त हाच आधार. तीत गावाचे नाव, कागदाचा प्रकार व फसली साल पाहून कारकून योग्य बस्त्याकडे हात घाली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि दहा-बारा वर्षांच्या अवधीत त्या फेहरिस्ती वाचणारा वर्ग कचेऱ्यांतून निवृत्त होत गेला. शाई फिकी पडली नव्हती, बस्तेही हलले नव्हते, तरीही बाळबोध मराठी शिकलेल्या नव्या कारकुनाच्या दृष्टीने ती यादी जवळजवळ कोरी झाली. उपाय दोनच होते. एक, उर्दू जाणणाऱ्या वृद्धाला बसवून वाचून घेणे व फसली आकड्यात ५९० मिळवून इसवी सन काढणे. दुसरा, नवी नोंदपत्रके तयार करणे. १९५४-५५ चे खासरा पहाणी पत्रक आजही जमिनीच्या वादांत मागितले जाते, ते या संक्रमणकाळाचेच अपत्य होय.

संगणकाच्या युगात मराठीचे हेच दुर्दैव फॉन्टच्या रूपाने पुन्हा उभे राहिले, आणि या प्रकरणाशी थोडे रेंगाळणे अवश्य आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, तरी प्रत्यक्ष कचेऱ्यांत व छापखान्यांत राज्य चालले ते पुण्याच्या सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेख, डीव्हीबी-टीटी योगेश यांसारख्या फॉन्टांचे, किंवा श्री-लिपीचे. या फॉन्टांची युक्ती अशी की रोमन अक्षरांसाठी राखलेल्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. फॉन्ट असेल तर पडद्यावर मराठी, नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग. १९९७ च्या सुमारास नेटस्केपने व मायक्रोसॉफ्टने पानाबरोबरच फॉन्टही पाठवण्याच्या दोन परस्परविरोधी पद्धती आणल्या, आणि मराठी संकेतस्थळांनी त्या मोठ्या आशेने स्वीकारल्या. परंतु नेटस्केपची पद्धत त्या ब्राउझरच्या पुढच्या आवृत्तीतच गळाली, मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्स्प्लोररपुरतीच उरली, आणि २००४ नंतर जे वाचक फायरफॉक्सकडे वळले त्यांच्यासमोर कालपर्यंत सुबक दिसणारे मराठी मेनू रोमन अक्षरांच्या चुऱ्यासारखे येऊ लागले. काही रचनाकारांनी यावर तोड म्हणून मेनूतील शब्दांची चित्रेच करून टाकली. दिसण्याचा प्रश्न सुटला, पण चित्रातला शब्द ना शोधयंत्राला सापडे, ना अंध वाचकाच्या वाचनयंत्राला उच्चारता येई. माझ्या मते त्या दशकातील सर्वांत मोठी हानी ती हीच, कारण डोळ्यांनी पाहणारे तिच्याविषयी कधीच तक्रार करीत नसत. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि हळूहळू फॉन्टचा हा जाच ओसरला.

मेनूच्या यंत्रणेचे स्वतंत्र आजार याच सुमारास वाढत होते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीला, दुव्याखेरीज इतर कोणत्याही घटकावर माउस आला हे सीएसएसच्या, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या, भाषेतून कळत नसे, म्हणून खाली उलगडणाऱ्या मेनूसाठी जावास्क्रिप्टची कुबडी द्यावी लागली. कित्येकांनी सारा मेनू फ्लॅशमध्ये घडवला, आणि अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून १२ जानेवारी २०२१ पासून ते चालूच द्यायचे नाही असे ठरवल्यावर त्या जागी रिकामी चौकट उरली. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीने जेक्वेरी मायग्रेट ही फाइल आपोआप जोडणे बंद केले. जुनी जावास्क्रिप्ट जेक्वेरी या जावास्क्रिप्ट-संग्रहाच्या नव्या आवृत्तीशी सांधून देणे एवढेच तिचे काम होते, पण तिच्याअभावी जुन्या थीमवर उभ्या असलेल्या जगभरच्या असंख्य संकेतस्थळांचे मेनू उघडेनासे झाले. संकेतस्थळाच्या मालकाने काहीही केले नव्हते. अद्ययावत करण्याची मान्यता दिली, एवढाच काय तो त्याचा सहभाग.

म्हणूनच मेनू अचानक मोडला असता जाणता तंत्रज्ञ प्रथम काय बिघडले हे न विचारता काय बदलले हे विचारतो. दुसऱ्या ब्राउझरात, दुसऱ्या यंत्रावर तेच पान उघडून तो पाहतो, कारण दोष एकाच ठिकाणी असेल तर ब्राउझरने साठवलेली जुनी सीएसएस फाइल नव्या पानाशी विसंगत झालेली असण्याचा संभव मोठा, आणि तो साठा रिकामा करताच पान सावरते. मेनूच्या जागी बिनसजावटीची ठिपक्यांची यादी दिसत असेल तर सीएसएस पोचलेलीच नाही असे तो अनुमान करतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नेताना पानाचा पत्ता बदलला पण सीएसएसचा पत्ता जुनाच राहिला, तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने ती फाइल अडवतो, आणि याची फिर्याद ब्राउझरच्या कन्सोलमध्ये स्पष्ट लिहिलेली असते. यादी नीट दिसते पण उलगडत नाही, असे असेल तर संशय जावास्क्रिप्टवर. मग नव्या जोडण्या एकेक करून बंद करायच्या आणि प्रत्येक वेळी पान पुन्हा पाहायचे. मेनू उलगडतो पण चित्राच्या मागे दडतो, तर थरांचा क्रम चुकलेला. या साऱ्या तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा जो संयम लागतो, तो रुमाल सोडून पुन्हा त्याच क्रमाने बांधणाऱ्या जुन्या दफ्तरदाराच्या शिस्तीहून वेगळा नाही.

बीडपुरता हा प्रश्न सौंदर्याचा राहिलेला नाही. दसऱ्यानंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांना सातबारा किंवा योजनेचा अर्ज पाहायचा तर तो फडावरून, हातातल्या फोनवरच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, हे खरोखर मोठे पाऊल होते. परंतु फोनच्या अरुंद पडद्यावर सारा मेनू तीन आडव्या रेघांच्या चिन्हात मिटलेला असतो, आणि ते चिन्ह उघडणारी स्क्रिप्ट दुबळ्या नेटवर्कमुळे अर्ध्यावर अडली की आतील प्रत्येक कागद त्या माणसापुरता नसल्यासारखाच होतो. ७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची पुन्हा निकड भासली. सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. ज्या फेहरिस्ती साठ वर्षे मुक्या होत्या त्यांतले कागद अशा रीतीने एका मेनूखाली येऊन बसले.

या मेनूसाठी करावयाचे काम अवघड नाही. तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार या क्रमाने साध्या दुव्यांची एक यादी पानाच्या मूळ मजकुरातच असावी, जी स्क्रिप्ट न चालली तरी दिसेल आणि सीएसएस न पोचली तरी वाचता येईल. सजावट व उलगडणे हे तिच्यावरचे थर असावेत. नोंदींचा शोध युनिकोडमधील गावाच्या नावाने लागावा, आणि चित्ररूप प्रतीसोबत बाळबोधीत सारांश असावा. फसली साल असेल तेथे त्याच्या शेजारी इसवी सन लिहावा, म्हणजे धारूरच्या किंवा पाटोद्याच्या शेतकऱ्याला आजोबांच्या नावाची नोंद शोधताना ५९० ची बेरीज स्वतः करीत बसावे लागणार नाही.