अठरा सायकली आणि एक भिंत

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कधी वॉशिंग्टनला आलात, तर १२ तारखेला ज्युडिशिअरी स्क्वेअरच्या आसपास जरूर थांबा. आधी मोटारसायकलवरचे पोलीस दिसतात आणि त्यांच्यामागून सायकलींची रांग, जी संपता संपत नाही. चालवणारे बहुतेक पोलीसच. काही सडसडीत तरुण, काही चांगले पोट सुटलेले निवृत्त हवालदार. न्यू जर्सीहून निघालेले तीन-चार दिवसांत अडीचशे-तीनशे मैल तुडवून येतात. म्हणजे साधारण पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत!

ही 'पोलीस युनिटी टूर'. १९९७ साली न्यू जर्सीतल्या फ्लोरहम पार्क या छोट्या गावच्या पॅट्रिक माँटुओरी या पोलीस अधिकाऱ्याने ती सुरू केली. कर्तव्यावर मेलेला पोलीस लोकांच्या लक्षात राहावा, एवढाच हेतू. पहिल्या वर्षी १८ जण निघाले आणि त्यांनी १८ हजार डॉलर जमवले. पुढे हा आकडा दोन हजार सायकलस्वारांच्या वर गेला. जमलेला पैसा स्मारकासाठी आणि २०१८ साली उघडलेल्या पोलीस संग्रहालयासाठी गेला.

यात्रा संपते ती स्मारकाच्या भिंतीपाशी. थोरल्या बुश यांनी १९९१ मध्ये तिचं लोकार्पण केलं. करड्या संगमरवराच्या दोन वळणदार भिंती, प्रत्येकी ३०४ फूट, आणि त्यांवर आज चोवीस हजारांहून जास्त नावं. अगदी अठराव्या शतकापासूनची. गंमत म्हणजे नावांना ना वर्णानुक्रम, ना सालवारी. माझ्यातला इंजिनिअर आधी वैतागला. पण त्यामुळेच शंभर वर्षांपूर्वीचा एखादा कॉन्स्टेबल आणि गेल्या वर्षीची तरुण अधिकारी एकमेकांशेजारी येतात. जवळच्या सूचीत नाव शोधायचं, मग भिंतीवर.

सगळे काही चकमकीत मेलेले नाहीत. रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्यांची संख्याही मोठी आहे. हे लोक त्याच रस्त्यांवरून सायकल मारत येतात, हे मला फार बोलकं वाटतं.

पोलिसांच्या हातून मेलेल्यांची भिंत कुठे आहे, असाही प्रश्न इथे विचारला जातो, २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर तर फारच. प्रश्न खरा आहे. पण म्हणून या भिंतीवरचं नाव हलकं होत नाही.

आपल्याकडे २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस पडले. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, तिथल्या भिंतीवरही चौतीस हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. तुकाराम ओंबळे आपल्याला ठाऊक असतात. बाकीच्यांपैकी आणखी एक नाव सांगा म्हटलं तर मीही गप्प बसेन.

इथे त्यावर साधा उपाय काढलाय. प्रत्येक सायकलस्वाराच्या मनगटावर एका मृत अधिकाऱ्याच्या नावाचं कडं असतं. चोवीस हजारांपैकी एकच. वाटेत पाय भरून आले की तेच डोळ्यांसमोर. मग १३ मेच्या संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, त्या वर्षी नव्याने कोरलेली नावं एकेक करून वाचली जातात, आणि पुष्कळ कडी त्या-त्या अधिकाऱ्याच्या घरच्यांच्या हाती जातात.