गुणवत्तेची मोजपट्टी आणि सिलिकॉन व्हॅली

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मागच्या वर्षी एक बातमी मोठ्याने वाचली गेली. एका विदेशी तंत्रज्ञान कंपनीने एका विद्यापीठाच्या शहरात आपले संशोधन कार्यालय उघडल्याची ती बातमी होती. वाचून झाल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बघा, तिथे कोणाची जात विचारत नाहीत. तिथे फक्त मेरिट चालतं." वाक्य हवेत सोडलेले होते, पण ते कोणाला उद्देशून आहे हे खोलीतल्या सर्वांना कळले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अशा वाक्यांची मला सवय आहे. त्या दिवशी मी गप्प राहिलो. हा लेख म्हणजे तेव्हा राहून गेलेले उत्तर आहे.

कंपनीने विद्यापीठाच्या दाराशी प्रयोगशाळा थाटायची ही रीत आज जगभर दिसते. तिला जो मान मिळाला तो मुख्यतः कॅलिफोर्नियातील एका उदाहरणामुळे. म्हणून त्या उदाहरणाचाच इतिहास तपासू. तिथे खरोखर 'फक्त मेरिट' चालले काय, आणि मेरिट म्हणजे काय हे तिथे कोणी ठरवले, हा आपला प्रश्न आहे.

१

विल्यम शॉक्ली हा बेल प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ. १९४७ च्या डिसेंबरात त्याचे सहकारी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर बनवला. त्यानंतर शॉक्लीने त्याचे अधिक उपयुक्त रूप मांडले. या कामासाठी तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी शॉक्लीने बेकमन इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या पैशावर स्वतःची प्रयोगशाळा उघडली. जागा होती माउंटन व्ह्यू गावी, ३९१ सॅन अँटोनिओ रोड. आजूबाजूला जर्दाळूच्या बागा होत्या, आणि काही मैलांवर पालो आल्टो हे गाव व त्याला लागून स्टॅनफर्ड विद्यापीठ.

कंपनीचे मालक आर्नोल्ड बेकमन यांचा कारभार दक्षिण कॅलिफोर्नियात होता. प्रयोगशाळा तिथेच असावी अशी त्यांची इच्छा होती. मग ती स्टॅनफर्डजवळ का आली? एक कारण घरगुती होते. शॉक्ली पालो आल्टोत वाढला होता आणि त्याची आई तिथे राहत होती. ही आई स्वतः स्टॅनफर्डमध्ये शिकलेली. वडील खाण अभियंता. दुसरे कारण विद्यापीठाचे. स्टॅनफर्डचे तेव्हाचे प्रोव्होस्ट फ्रेडरिक टर्मन यांनी शॉक्लीला आपल्याकडे येण्याचा आग्रह केला.

या टर्मनना पुढे सिलिकॉन व्हॅलीचे जनक म्हटले गेले. त्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. रेल्वेमालक लेलँड स्टॅनफर्ड यांनी विद्यापीठाला आठ हजार एकरांहून अधिक जमीन दिली होती. त्यांची संपत्ती ज्या रेल्वेमार्गातून आली तो हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून बांधला होता, आणि ही जमीन मुळात ओलोनी या आदिवासींची. देणगीची अट अशी की जमीन विकता येणार नाही. तेव्हा विद्यापीठाने ती भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले, आणि १९५१ मध्ये स्टॅनफर्ड इंडस्ट्रियल पार्क सुरू झाले. १९५४ पासून कंपन्यांच्या अभियंत्यांना नोकरी सांभाळून तिथे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय झाली. त्यावर लष्करी कंत्राटांचा पैसा आला. पुढे चिप तयार झाल्या तेव्हा पहिल्या वर्षांतला त्यांचा मोठा गिऱ्हाईक सरकारच होते. क्षेपणास्त्रांसाठी आणि चांद्रमोहिमेसाठी त्या घेतल्या गेल्या.

म्हणजे जमीन फुकटात मिळालेली, गिऱ्हाईक सरकारी, पैसा दुसऱ्याचा, शिक्षणाची सोय दाराशी आणि आईचे घर हाकेच्या अंतरावर. एवढा आधार मिळाला तर त्याला कोणी सवलत म्हणत नाही. त्याला उपक्रमशीलता म्हणतात. सवलत हा शब्द आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपसाठी राखून ठेवलेला आहे.

२

शॉक्लीने देशभरातून निवडून तरुण शास्त्रज्ञ आणले. निवडीचा भाग म्हणून त्यांना न्यूयॉर्कला पाठवून मानसशास्त्रीय चाचण्या द्यायला लावल्या. त्यांच्यापैकी गॉर्डन मूर यांनी पुढे आठवण सांगितली आहे की, आपण आणि रॉबर्ट नॉइस हुशार आहोत पण चांगले व्यवस्थापक कधीच होणार नाही, असा त्या चाचणीचा निर्वाळा होता.

शॉक्लीचा स्वभाव संशयी होता. एकदा तर प्रयोगशाळेतल्या लोकांची खोटे पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी करण्यापर्यंत मजल गेली. १९५७ च्या सप्टेंबरात आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर काढली. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली. व्यवस्थापक होण्यास नालायक ठरलेल्या या दोघांनी जगातील एक बलाढ्य कंपनी चालवली. शॉक्लीची स्वतःची प्रयोगशाळा मात्र कधी भरभराटीला आली नाही. बेकमनने ती १९६० मध्ये विकून टाकली. ती इमारतही आज उरलेली नाही. २०१८ मध्ये तिथे स्मारक म्हणून फलक लागला.

चाचणीचा आणि शॉक्लीचा संबंध याहून जुना होता. फ्रेडरिक टर्मनचे वडील लुईस टर्मन स्टॅनफर्डमध्येच मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. बुद्ध्यंक मोजणारी स्टॅनफर्ड-बिने चाचणी त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. हा गृहस्थ इंडियाना राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या चौदा मुलांपैकी बारावा. पण आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिले ते असे की मेक्सिकन, अमेरिकन इंडियन आणि काळ्या लोकांत दिसणारा बुद्धिमांद्याचा अंश वंशातूनच येत असावा, आणि त्यांच्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवावे. ते सुप्रजननवादी संघटनेचे सभासद होते. त्याच विचाराच्या बळावर कॅलिफोर्नियात १९०९ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. १९७९ मध्ये तो रद्द होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसांची नसबंदी झालेली होती.

१९२१ पासून लुईस टर्मननी कॅलिफोर्नियातील दीड हजार 'प्रतिभावान' मुले निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करण्याचा प्रकल्प हाती घेतला. या निवडीसाठी शाळकरी शॉक्लीचीही चाचणी झाली होती. त्याचा बुद्ध्यंक पुरेसा भरला नाही. त्याला वगळण्यात आले. पुढे नोबेल मिळवणारे लुईस आल्व्हारेझही असेच वगळले गेले. निवडलेल्या दीड हजारांत एकालाही नोबेल मिळाले नाही. लुईस टर्मन वारले १९५६ च्या डिसेंबरात, शॉक्लीच्या गळ्यात नोबेल पडले त्याच महिन्यात.

३

ज्याला मोजपट्टीने एकदा नाकारले त्याने तरी तिच्याविषयी शंका घ्यावी, असे आपल्याला वाटेल. घडले उलटे. १९६३ मध्ये शॉक्ली स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाला, आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून तो सांगू लागला की काळ्या लोकांची बुद्धी जन्मतःच कमी आहे, आणि तशा लोकांची प्रजा वाढली तर राष्ट्राचा ऱ्हास होईल. त्याने एक योजनाही मांडली: ज्याचा बुद्ध्यंक शंभराहून कमी त्याने नसबंदी करून घेतल्यास कमी असलेल्या प्रत्येक गुणामागे हजार डॉलर द्यावेत. ट्रान्झिस्टरचा हा शास्त्रज्ञ वंशशास्त्रात अडाणी होता. पण नोबेलच्या वलयामुळे वर्तमानपत्रे त्याचे बोलणे छापत राहिली. आपल्याकडेही एका क्षेत्रातला अधिकार दुसऱ्या क्षेत्रात कसा वटवला जातो हे आपण पाहतो.

शॉक्लीच्या भोवती काळे संशोधक फारसे दिसत नव्हते, आणि यालाच तो आपला पुरावा समजत असावा. ते का दिसत नव्हते, याचे उत्तर तिथल्या घरांच्या इतिहासात आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे कादंबरीकार वॉलेस स्टेगनर आणि इतरांनी विद्यापीठाजवळ सहकारी वसाहत काढली. सभासदांत तीन काळी कुटुंबे होती. तेवढ्यासाठी सरकारी गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाची हमी नाकारली. संस्था मोडली; जमीन बिल्डरकडे गेली; हमी मिळाली आणि गोऱ्यांची वसाहत उभी राहिली. काळ्यांच्या वाट्याला आले महामार्गापलीकडचे ईस्ट पालो आल्टो. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

कारखान्यात मात्र दुसऱ्या रंगाचे हात लागत होते. फेअरचाइल्डने १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथे नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात कारखाना काढला. हजारावर नवाहो कामगार, बहुसंख्य स्त्रिया, सूक्ष्मदर्शकाखाली चिपचे नाजूक काम करीत. कंपनीने आपल्या जाहिरातपत्रकात त्यांच्या विणकामाची आणि चिपवरील नक्षीची तुलना केली. कौतुक झाले ते हातांचे. बुद्धीचे श्रेय सॅन अँटोनिओ रस्त्यावरून निघालेल्यांच्या नावे राहिले. १९७५ मध्ये कामगारकपातीनंतर अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि कंपनीने तो कायमचा बंद केला. हातात कौशल्य असणे आणि त्या कौशल्याला गुणवत्ता म्हटले जाणे, या दोन गोष्टींत अंतर असते. आपल्या चांभार, बुरूड, मांग कारागिरांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

४

मोजपट्टीला उत्तर मिळाले ते तिने ज्यांना खाली ढकलले त्यांच्याकडून. कॅलिफोर्नियातील नऊ मेक्सिकन मुलांना इंग्रजीत चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. तीच चाचणी स्पॅनिशमध्ये दिली तेव्हा त्यांतली बहुतेक मुले ठरवलेल्या रेषेच्या वर गेली. १९७० मध्ये शासनाला तडजोड करावी लागली. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या काळ्या पालकांनी खटला भरला. १९६८-६९ मध्ये राज्याच्या शाळांत काळी मुले ९ टक्के होती आणि मतिमंदांच्या वर्गांत २७ टक्के. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या परिचयाचे शब्द वापरून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ही मुले मतिमंद नव्हतीच असे दिसले. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी काळ्या मुलांना या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचण्या वापरण्यास मनाई केली. ज्या खाडीकाठी १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष जन्मला आणि ज्याचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिथलीच ही लढाई. ती आपल्याकडे कमी सांगितली जाते.

पालो आल्टोलाही उशिरा का होईना जाग आली. २०१८ मध्ये तिथल्या शाळामंडळाने दोन शाळांची नावे बदलली. एकीला टर्मन यांचे नाव होते. दुसरीला स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष आणि सुप्रजननवादी डेव्हिड स्टार जॉर्डन यांचे. जॉर्डन शाळेला आता फ्रँक ग्रीन यांचे नाव आहे. ते फेअरचाइल्डमध्ये काम केलेले काळे अभियंते होते.

५

आता आमच्या सहकाऱ्यांच्या वाक्याकडे परत येतो. तिथे कोणाची जात विचारत नाहीत, असे ते म्हणाले. सिस्को ही कंपनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये संगणकाचे काम करणाऱ्या पतिपत्नींनी काढलेली. २०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय खात्याने या कंपनीवर आणि तिथल्या दोन भारतीय वरिष्ठांवर एका दलित अभियंत्याच्या वतीने दावा दाखल केला. तक्रारीतला मूळ आरोप असा की, हा माणूस आयआयटीत 'मुख्य यादीतून' आलेला नाही, असे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले. कंपनीने आरोप नाकारले, आणि २०२३ मध्ये दोघा वरिष्ठांवरील वैयक्तिक दावे खात्याने मागे घेतले. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी केली, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक गव्हर्नरने परत पाठवले. निकाल काहीही लागो. 'मुख्य यादी' हा शब्द सात समुद्रापलीकडच्या सरकारी कागदपत्रांत नोंदला गेला, हे विसरता येणार नाही. लुईस टर्मनची यादी आणि ही यादी यांत जातकुळीचा फरक नाही. दोन्ही याद्या माणसाला एकदाच मोजतात आणि तो आकडा जन्मभर त्याच्या कपाळावर ठेवतात.

तंत्रज्ञानाला किंवा संशोधनाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपल्या मुलामुलींनी त्या प्रयोगशाळांत जावे, हक्काने जावे. माझ्या वर्गात अशी मुले बसतात, जी सकाळी दूध टाकून किंवा गॅरेजमध्ये काम करून कॉलेजला येतात आणि गणित इतरांच्या आधी सोडवतात. त्यांनी शॉक्लीचा हा इतिहास वाचावा एवढ्यासाठी तो लिहिला. संशोधन कार्यालय उघडल्याची बातमी आली की त्यांनी विचारावे: जमीन कोणाची, पैसा कोणाचा, आत कोण आहे, झाडलोट आणि जुळणी कोण करते, आणि निवडीची मोजपट्टी कोणी बनवली? ज्या मोजपट्टीने स्वतः शॉक्लीलाच नापास केले, तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहण्याचे आपल्याला काय कारण?

स्टाफरूममध्ये पुन्हा ते वाक्य आले तर मी आता गप्प बसणार नाही.