रात्रीच दिसणाऱ्या खुणा

श्रोतेहो, वस्तू लपवावी कशी हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण हव्या त्या माणसाला ती सापडावी आणि नको त्याला सापडू नये, अशी लपवावी कशी, हे सांगणारे थोडे. आज आम्ही या दुसऱ्या विद्येविषयी बोलणार आहो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते कारखान्यांच्या फाटकांबाहेर आणि कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर झाले. म्हणून दाखले तिथलेच येतील.

आरंभ मात्र एका परदेशी खेळापासून करू. उपग्रहांच्या साह्याने आपण कोठे आहो हे सांगणारी यंत्रणा अमेरिकेने उभारली, पण सामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक ठेवलेली असे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील एका जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश लोकांना कळवले. त्यातून जिओकॅशिंग हा खेळ जगभर पसरला. कोणी डबी लपवायची, कोणी शोधायची आणि आतल्या वहीत सही करून पुन्हा होती तशी ठेवायची.

या खेळात एक प्रकार केवळ रात्रीचा आहे. आकडे फक्त वाटेच्या आरंभापर्यंत नेतात. पुढे झाडाखोडांवर प्रकाश उलट फेकणारे लहान तुकडे लावलेले असतात. दिवसा ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. रात्री बॅटरीचा झोत पडला की निखाऱ्यासारखे चमकतात. यात जादू काही नाही. साधा आरसा प्रकाश दुसरीकडे फेकतो. हा तुकडा ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर तो मंद दिसतो, डोळ्यांजवळ धरली तर लख्ख. इंग्लंडातील पर्सी शॉ याने १९३४ च्या सुमारास याच तत्त्वावर रस्त्यात बसवायचे ‘मांजराचे डोळे’ तयार केले आणि महायुद्धातील दिवेबंदीच्या काळात त्यांचे महत्त्व सर्वांना पटले.

अशी वाट आखणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. एका खुणेपाशी उभे राहिले असता पुढची खूण दिसली पाहिजे. वळण असेल तेथे दोन तुकडे जवळजवळ लावावेत. जिवंत झाडाला खिळा ठोकू नये, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, दरीच्या कडेने वाट नेऊ नये. आणि उन्हाळ्यात आखलेली वाट पावसाळ्यात पुन्हा चालून पाहावी. आपल्याकडे आषाढात एवढे रान माजते की वैशाखातली खूण वेलीखाली गडप होते. शिवाय रानातले कोळीही बॅटरीच्या झोतात डोळे चमकवतात आणि नवख्याला भलतीकडे नेतात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी नळांतून खाली येते, चाके फिरवते आणि पुढे खोपोलीचे पाताळगंगेला, भिवपुरीचे उल्हासला मिळते. त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि मुंबईचे रस्ते उजळले. पण तारा ज्या गावांवरून गेल्या, त्यांतल्या कितीतरी गावांत त्यानंतरही अनेक वर्षे रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती. डोक्यावरून उजेड जात होता आणि खाली काळोख होता.

त्या काळोखाचा उपयोग १९४२ साली झाला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण मन रमले ते गोरगरिबांत. त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारी जाणे टळावे म्हणून धान्यकोठीचा उपक्रम चालवला. लोक त्यांना भाई म्हणत. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणाऱ्या मनोऱ्यांना हात घातला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अकरा मनोरे पाडल्याची नोंद आहे. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले.

मंडळी, या कामाचा जरा विचार करा. लोखंडी मनोऱ्याचे पाय करवतीने कापणे हे दिवसाउजेडी होणारे काम नव्हे. रानात राहणाऱ्या माणसांना भाकरी हवी, निरोप हवा, निजायला जागा हवी. आणि ही जागा पोलिसाला न सापडता भाकरी आणणाऱ्याला सापडली पाहिजे. त्यांच्याजवळ चमकणारे तुकडे नव्हते. त्यांची खूण म्हणजे गावोगावची माणसे होती. ज्या खेड्याने धान्यकोठीचा दाणा खाल्ला होता, त्याला दस्ता कोठे आहे हे विचारूनही सांगायचे नव्हते.

शेवटी सिद्धगडच्या रानातील ठिकाणाचा सुगावा पोलिसांना लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या अधिकाऱ्याच्या तुकडीने गोळीबार केला. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तेथे धारातीर्थी पडले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते. सिद्धगड मुरबाड तालुक्यात येतो, पण त्याची आठवण कर्जत-नेरळच्या घराघरांत आहे. दर वर्षी त्या दिवशी पहाटे माणसे तेथे हुतात्म्यांना वंदन करायला जमतात.

आता आमची एक लहानशी गोष्ट सांगतो. सिद्धगडाशी तिची बरोबरी करण्याचा उद्देश मुळीच नाही. १९९५ च्या सुमारास खालापूर तालुक्यातील एका कारखान्यात आम्ही संघटना बांधत होतो. १९२६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीच्या अर्जाला तेव्हा सात सह्या पुरत. पण सह्यांचा कागद नोंदणीआधी व्यवस्थापनाच्या हाती पडला तर सातही जणांची नोकरी जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. कागद कोणाच्या घरी ठेवावा तर घरची मंडळी घाबरत. अखेर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवला आणि पाताळगंगेच्या काठी एका जांभळीच्या मुळाशी, दगडांच्या आड, डबा सरकवला. समोरच्या पडक्या कुंपणाच्या खांबावर जुन्या सायकलचा लाल रिफ्लेक्टर तारेने बांधला. दुसरी पाळी रात्री सुटली की एकेकाने यावे, बॅटरी कपाळाशी धरावी, लाल ठिपका दिसला की तेथून दहा पावले नदीकडे जावे आणि सही करावी. दिवसा तो तुकडा भंगार वाटे.

पाच सह्या झाल्या आणि एका रात्री पाहतो तो डबा जागचा हललेला. वर मेणकापड घातलेले, त्यावर दुसराच दगड. आमच्या पायांखालची जमीन सरकली. आम्ही चार दिवस तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी लाकडाची मोळी घेऊन जाणारी कातकऱ्यांची एक म्हातारी आमच्यापाशी थांबली आणि म्हणाली, “दादा, पानी शिरत व्हतं डब्यात, म्हनून झाकला. तुमचं काम झालं की डबा मला द्या, मीठ ठेवायला.”

ती दिवसा लाकडे वेचते, हे आमच्या हिशेबात नव्हतेच. रात्रीची खूण आखताना दिवसा त्या वाटेने कोण जाते हे आम्ही विचारले नव्हते. आमचे गुपित तुकड्याने राखले नाही. त्या बाईने राखले, आणि तेही आम्ही तिला काही दिलेले नसताना. पुढे सात सह्या पुऱ्या झाल्या, संघटना नोंदली गेली. सातांपैकी दोघांना नंतर काही निमित्त काढून कामावरून कमी केलेच. त्यांतला एक अखेरपर्यंत परत लागला नाही. ही वजाबाकी लपवण्यात अर्थ नाही. डबा मात्र आम्ही धुऊन, पुसून म्हातारीला नेऊन दिला.

आजची तरुण मुले सुट्टीच्या दिवशी आमच्या डोंगरांत येतात. त्यांनी रात्रीचा हा खेळ येथे जरूर मांडावा. मात्र आधी वाडीवर जाऊन विचारावे की ही वाट कोणाची, येथे लाकडाला कोण येते, गुरे कोण चारते. आणि कधी वाट सिद्धगडाकडे वळलीच, तर बॅटरी थोडा वेळ विझवून उभे राहावे. खाली मैदानात आज सगळीकडे दिवे दिसतात. १९४२ साली ते नव्हते. वर तारा होत्या, आणि त्या तारांखालच्या काळोखात कोणीतरी भाकरी घेऊन वाट चालत होते. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.