दीर्घिकांतील वायुसंक्षोभ व तारानिर्मिती
सर्पिल दीर्घिकेच्या तबकडीतील हायड्रोजन वायू परिभ्रमणाखेरीज सेकंदाला सुमारे १० किमी. वेगाने खळबळत असतो. हा संक्षोभ एकीकडे गुरुत्वीय आकुंचनास अटकाव करतो, तर दुसरीकडे शीत रेणवीय मेघांत, ध्वनिवेग ओलांडून, आघात-तरंगांनी दाट गाठी पाडतो व ताऱ्यांच्या जन्मास वाट करून देतो. तबकडी गुरुत्वापुढे स्थिर राहील की नाही हे सांगणारा टूमरे यांचा १९६४ चा स्थैर्यनिकष ताऱ्यांपुरता होता. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झालेल्या चंदा जोग यांनी सॉलोमन यांच्यासह १९८४ मध्ये तारे व वायू यांचा एकत्र हिशेब मांडून दाखविले की, पृथक् स्थिर असलेले हे घटक परस्परांच्या आकर्षणाने अस्थिर होऊ शकतात, आणि वस्तुमानाने थोडा असलेला वायूच त्यात भारी पडतो. संक्षोभास ऊर्जा अतिनवताऱ्यांचे स्फोट पुरवितात की गुरुत्व, हा वाद मात्र अद्याप दफ्तरी दाखल झालेला नाही.